खेळातील मंत्र आणि पंचाचा न्याय



मृग लागला म्हणजे जोयडा तालुक्यातील रानवस्तीस घराचा उंबरठा हीच सीमा होऊन बसते. गुंदसारख्या गावी तर चोहोबाजूंस काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान, ओहोळ भरलेले, वाटा निसरड्या. अशा वेळी शहरात शिकणारी थोरली मुलगी चार दिवसांसाठी घरी येते आणि धाकट्या भावंडांस ओटीवर जमवून एक निराळाच खेळ मांडते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक वही, दोन पेन्सिली आणि काही फासे एवढेच साहित्य. एक भाऊ म्हणतो, “मी मांत्रिक.” दुसरा म्हणतो, “मी वाटाड्या.” थोडक्याच वेळात त्या ओटीवर भुयारे निघतात, दारे उघडतात, मंत्र म्हटले जातात. आतल्या खोलीत रोझरी म्हणत बसलेली आजी मात्र दचकते. मंत्र? आणि आपल्या घरात?

आजीचे दचकणे योग्यच आहे. परंतु दचकण्याने प्रश्न सुटत नाही. त्यासाठी तो खेळ कसा चालतो हे समजून घेतले पाहिजे. आमच्या मते या खेळात मंत्र आहे की नाही हा प्रश्न दुय्यम होय. त्या मंत्राचा आणि त्या शोधाचा निवाडा कोण करतो, कशाच्या आधारे करतो आणि किती प्रामाणिकपणे करतो, हा खरा प्रश्न आहे. खेळाचे बरेवाईटपण तेथे ठरते.

या जातीच्या खेळांतील पहिला प्रसिद्ध झालेला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तेथून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा हा खेळ बाहेर पडला. एका पेटीत तीन पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची. परंतु त्याचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळण्याचा युद्धखेळ तयार केला. त्यात दोन्ही पक्ष आपापले हुकूम एका पंचास सांगत. पंच मधे बसून फासे व कोष्टके यांच्या साह्याने परिणाम ठरवी आणि ज्या पक्षास जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच त्यास सांगे. पुढे १८७६ साली फॉन व्हर्दी या सेनानीने असे प्रतिपादले की, कोष्टकांच्या जंजाळापेक्षा अनुभवी पंचाचा विवेक अधिक उपयोगी. नियम आणि विवेक यांतील तो वाद या खेळात अजून चालू आहे, आणि आपल्या ओटीवर बसलेल्या थोरल्या मुलीस तोच नकळत सोडवावा लागतो.

या खेळात जिंकणे-हरणे पटावरील खेळासारखे नसते. प्रत्येक खेळाडू एका कल्पित व्यक्तीचे सोंग घेतो. पंच त्या कल्पित जगाचे वर्णन करतो. खेळाडू सांगतो, मी अमुक करतो. मग त्याचे फळ काय झाले, हे पंचाने सांगावयाचे. हे फळ ठरविण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. पहिली, खेळाडूने नेमके काय केले हे ऐकून घेणे. दुसरी, त्यात संशयास जागा आहे काय याचा विचार करणे. तिसरी, संशय असेल तरच फासा टाकणे आणि जो पडेल तो मानणे.

दांडेलीच्या रानातील कवळा गुहा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पायऱ्यांमागून पायऱ्या उतरावयाच्या, मग अरुंद वाटेने वाकून, प्रसंगी सरपटत आत शिरावयाचे. आणि आत गेल्यावर ठिबकत्या पाण्यातील चुन्याने युगानुयुगे घडत आलेला शिलास्तंभ, ज्यास आपले हिंदू शेजारी शिवलिंग म्हणून पुजतात. समजा, ओटीवरील खेळात मुले अशाच एका गुहेत उतरली आहेत. थोरली सांगते, “पुढे दगडी भिंत आहे. पायांखाली ओल आहे. कोठून तरी गार वारा येतो.” धाकटा उतावळेपणाने फासा उचलतो. ती म्हणते, “फासा राहू दे बाबा. तू करतोस काय, ते आधी सांग.” तो क्षणभर विचार करून म्हणतो, “ताई, मी मशाल भिंतीच्या कडेकडेने फिरवतो. ज्योत कोठे हलते ते पाहतो.” ती उत्तरते, “मग फाशाचे काम नाही. डाव्या कोपऱ्यात ज्योत आत ओढली जाते. तेथे फट आहे.”

वाचकहो, या लहानशा संवादात शोधाचे सारे मर्म आले. ज्याने डोके चालविले, त्यास त्याच्या विचाराचे फळ थेट मिळाले. वारा आहे असे पंचाने एकदा सांगितले, की ज्योत हललीच पाहिजे. तेथे पंचाने फाशावर ढकलून द्यावे आणि फासा वाईट पडला म्हणून ‘काही दिसत नाही’ असे म्हणावे, तर तो आपल्याच शब्दाशी खोटे बोलला असे होईल. उलट, धाकटा नुसते “मी शोधतो” एवढेच म्हणाला असता, तर त्याला फट सापडेल की नाही याचा खरोखरीच संशय होता. अशा संशयापुरता फासा.

त्या वेळी किती संधी द्यावी? १९७४ च्या पुस्तिकांत याचे मोजमाप दिलेले आहे. गुप्त वाट शोधणाऱ्या माणसाने सहा बाजूंचा फासा टाकावा. १ किंवा २ पडल्यास वाट सापडली. म्हणजे तीनांत एक संधी. एक फेरी म्हणजे खेळातील दहा मिनिटे. कोणी म्हणेल, मग सापडेपर्यंत शोधीत राहू! तसे करता येते, परंतु फुकट नाही. प्रत्येक फेरीच्या अखेरीस पंच आणखी एक फासा टाकतो, आणि ६ पडल्यास अंधारातून हिंडते श्वापद समोर येते. हिशेब करून पाहा. तीन फेऱ्या शोधल्यास वाट सापडण्याचा संभव शंभरांत सुमारे ७०; पण त्याच तीन फेऱ्यांत श्वापदाशी गाठ पडण्याचा संभव शंभरांत सुमारे ४२. शिवाय १९८१ च्या आवृत्तीप्रमाणे मशाल सहाच फेऱ्या टिकते, म्हणजे या शोधात अर्धी मशाल जळून जाते. शोध घ्यावा की मागे फिरावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. वेळ, उजेड आणि धोका यांची किंमत मोजावी लागते म्हणूनच त्या शोधास अर्थ येतो.

गुंदच्या माणसास हे वेगळे समजावून सांगणे नको. रानातील वाट वाटाड्यावाचून चुकते, ढग दाटून आले की दिशा कळत नाही आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते, हे येथील पोरासोरांसही ठाऊक असते. त्या जुन्या पुस्तिकांतही रानातून जाणाऱ्यांनी दररोज फासा टाकावा असा नियम आहे. झाडीत १ किंवा २ पडल्यास वाट चुकली, दलदलीत ३ पडले तरीही चुकली. परंतु ज्या मुलाने ओढ्याच्या काठाने खाली जाण्याचे ठरविले, त्याला पंचाने अशी चुकण्याची भीती घालू नये; ओढा नदीस मिळणार, हे रानाचे ज्ञान आहे. आपल्या प्रदेशाची जाण असलेला पंच येथे नुसत्या पुस्तकी पंचाहून सरस ठरतो.

आता मंत्राकडे वळू. कल्पित कथांत चमत्कार असतातच. आपल्या घरोघरी अलीबाबाची गोष्ट सांगितली जाते, तिचीच आठवण करा. गुहेचे दार एका ठराविक शब्दाने उघडते. अलीबाबाचा लोभी भाऊ कासीम आत शिरतो, धन पाहून भुलतो आणि नेमका तो शब्द विसरतो. दुसऱ्या धान्यांची नावे घेऊन पाहतो, पण दार हलत नाही. ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या टिकली याचे कारण त्या जादूस मर्यादा आहे. कोणत्याही शब्दाने दार उघडले असते तर कासीमचा लोभ उघडा पडला नसता आणि गोष्टही उरली नसती.

या खेळातील मंत्रांचा मूळ नियमही असाच मर्यादेचा आहे. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या कथांवरून तो घेतला गेला. त्या कथांत जादूगार मोठ्या कष्टाने मंत्र पाठ करतो, आणि एकदा उच्चारला की तो त्याच्या स्मरणातून पुसून जातो. म्हणून खेळातील नवशिक्या मांत्रिकाच्या पदरी दिवसाला मोजकेच मंत्र असतात. २०१४ च्या आवृत्तीत त्या नवशिक्यास पहिल्या पायरीचे मंत्र दोनदाच म्हणता येतात. मग विश्रांती घ्यावी लागते. मुलाच्या हाती जणू दोन नाणी आहेत. एक आताच खर्चावे की पुढच्या संकटासाठी राखावे, हा त्याचा विचार.

मंत्र म्हटला म्हणजे तो लागलाच असेही नाही. ज्यावर तो टाकला त्यास बचावाची संधी मिळते. असे पाहा, भुयाराच्या तोंडाशी पहारेकरी उभा आहे, आणि धाकट्या मांत्रिकाने त्यास मोहून आपलासा करण्याचा मंत्र म्हटला. त्या मांत्रिकाची शक्ती मोजून बचावाचा आकडा १३ ठरला. पहारेकऱ्याच्या वतीने पंच वीस बाजूंचा फासा टाकतो. १३ किंवा अधिक पडल्यास पहारेकरी वाचला. वीसांपैकी आठ आकडे त्याच्या बाजूचे, बारा मांत्रिकाच्या बाजूचे. म्हणजे मंत्र लागण्याचा संभव शंभरांत ६०. फासा पडण्यापूर्वीच हे सर्वांस माहीत असावे. आकडा आधी ठरवावा आणि फासा मग टाकावा. फासा पाहून आकडा ठरविणे म्हणजे निकाल लिहून मग साक्ष ऐकणे होय.

मंत्र लागला, तरी पंचाचे काम संपत नाही. मोहिलेला पहारेकरी मांत्रिकास मित्र समजेल, पण म्हणून तो आपल्या धन्याच्या जिवावर उठेल काय? मंत्राच्या शब्दांत जेवढे आहे तेवढेच द्यावे. त्याहून अधिक देऊ नये आणि कमीही देऊ नये. मुलगा म्हणाला, “त्याला सांगतो, आम्हांस पाणी हवे आहे, विहीर दाखव,” तर मित्र विहीर दाखवील. “तुझी किल्ली दे” म्हटल्यास तो घुटमळेल, आणि तेथे पुन्हा संशयास जागा निर्माण होऊन फासा बोलेल. जेथे नियमाच्या शब्दांत उत्तर सापडत नाही, तेथे पंचाने कारण सांगून निवाडा द्यावा. आणि आज जो निवाडा दिला, तोच उद्या दुसऱ्या भावंडासही द्यावा. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे.

कारण पंच हाही माणूसच. त्यास तीन मोह पडतात. पहिला मोह मायेचा. लाडक्या भावाचा फासा वाईट पडला, त्याचा चेहरा उतरला, की वाटते, एकदा डोळेझाक करावी. दुसरा मोह रागाचा. एखाद्या मुलाने अशी युक्ती काढली की पंचाने रचलेला सारा बेत कोसळतो. मग मनात येते, ‘नाही’ म्हणून टाकावे, कोण विचारतो? तिसरा मोह सत्तेचा. आपणच कथा रचीत आहोत, इतर केवळ ऐकणारे, असे पंचास वाटू लागते. मग मुले डावीकडे गेली काय आणि उजवीकडे गेली काय, तीच खोली, तेच श्वापद त्यांच्यापुढे येते. वरवर खेळ चालू राहतो, पण मुलांच्या निवडीस मोल राहत नाही. मुलांच्या ते ध्यानात येत नाही असे समजू नये. चार दिवसांत येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी ताईचा शब्द हलका होतो.

सर्वांत मोठी कसोटी सोंगाच्या मृत्यूची. महिनाभर वहीत जपलेला मांत्रिक एका वाईट फाशाने खोल दरीत कोसळतो. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ताईने काय करावे? आमचे मत असे: दरी आहे, कडा ओला आहे, उडी चुकली तर प्राण जातील, हे तिने आधी स्पष्ट सांगितले असेल, आणि तरीही त्याने उडी मारली असेल, तर तिने फासा मानावा व भावास जवळ घ्यावे. दोन्ही करता येते. मात्र तिने दरीची खोली सांगितलीच नसेल, तर दोष फाशाचा नसून तिचा आहे, आणि तिने तो कबूल करून उडी मागे घ्यावी. न्याय आणि ममता एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. धोका अगोदर सांगणे हीच पंचाची ममता. घरातील आईबापांसही हे लागू आहे. शिक्षा अगोदर सांगितलेली असावी, सर्वांस सारखी असावी, आणि दिलेला शब्द रडण्याने वा रागाने बदलू नये.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. मंत्राचे सोंग घेणे पाप आहे काय? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात गुप्त शक्ती वश करून घेण्याच्या हेतूने केलेली जादू, तसेच भविष्यकथन, यांचा स्पष्ट निषेध आहे. निषेध आहे तो देवाचा विश्वास सोडून दुसऱ्या शक्तीचा आश्रय करण्याचा. ओटीवरील मुलगा कोणाचाही धावा करीत नाही. तो वहीतील एक आकडा खोडतो आणि ताई फासा टाकते, इतकेच. नाटकात हेरोदाची भूमिका करणारा मुलगा बालहत्येचा अपराधी होत नाही, तसेच हे. लोकांनी आजी-आजोबांस एक उलट प्रश्न विचारला तर मात्र उत्तर देणे जड जाईल: घरात आजार आला की रात्री गुपचूप घाड्याकडे जाऊन नारळ ठेवणारे कोण असतात? तेथील मंत्र खेळातला नसतो. तेथे आपण खरोखरीच विश्वास टाकतो, आणि पैसाही.

परदेशी या खेळाविषयी मोठे काहूर उठले होते, तेही सांगितले पाहिजे. १९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एक विद्यार्थी नाहीसा झाला. खेळापायी तो विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवला असे वर्तमानपत्रांनी छापले. तो पुढे जिवंत सापडला. त्याच्या दुःखाची कारणे निराळीच होती, खेळ नव्हे. तरीही १९८० नंतरच्या दशकात हा खेळ मुलांस सैतानाकडे नेतो असा प्रचार जोरात चालला, आणि १९८९ च्या आवृत्तीतून प्रकाशकांनी सैतान व पिशाच यांसाठीचे रूढ इंग्रजी शब्दच गाळून टाकले. आरडाओरड्यात एक गोष्ट हरवली: त्या दुःखी मुलास कोणी तरी वेळेवर जवळ बसवून विचारावयास हवे होते. या खेळावर ज्या लेखकाची दाट छाया आहे ते जे. आर. आर. टॉल्कीन हे निष्ठावंत कॅथोलिक होते. आई वारल्यावर फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केला. अद्भुत कथा श्रद्धेच्या घरातही जन्मास येऊ शकते, याचा याहून मोठा दाखला नको.

फाशांविषयीही भीती बाळगू नये, पण सावध असावे. चिठ्ठी टाकून प्रेषितांनी मथियाची निवड केली, आणि फासे टाकूनच शिपायांनी क्रुसापाशी वस्त्र वाटून घेतले. साधन एकच, हेतू निराळे. संधीचे खेळ स्वतःहून अन्यायाचे नव्हेत, परंतु स्वतःच्या वा दुसऱ्याच्या गरजेचे धन त्यात जाऊ लागले की ते अयोग्य ठरतात, असे वरील ग्रंथातच सांगितले आहे. म्हणून खेळात पैसा लावू नये. रात्रीच्या प्रार्थनेची वेळ झाली की वही मिटावी. पंचाची जागा आळीपाळीने सर्वांनी घ्यावी. आणि खेळातील भुयाराच्या नादाने कोणी खऱ्या रानात शिरू नये. तेथे वाघ आहे आणि तेथील निवाड्यास बचावाचा फासा नाही.

वीस बाजूंचा फासा जोयड्याच्या बाजारात शोधीत फिरण्याचे कारण नाही. कागदाच्या वीस सारख्या चिठ्ठ्या करून त्यांवर १ ते २० आकडे घालावेत, मडक्यात टाकून हलवाव्यात, आणि एक काढून वाचून परत आत टाकावी. कठीणपणासाठी साधे माप पुरते: सोप्या कामास १०, मध्यमास १५, अवघडास २०, आणि खेळाडूच्या कौशल्याचे दोन-तीन गुण चिठ्ठीच्या आकड्यात मिळवावेत. ज्याचे कौशल्य ३, त्यास मध्यम कामासाठी १२ किंवा अधिक हवे. वीसांत नऊ संधी. एवढा हिशेब चौथीचे पोरही करील, आणि तो करताना त्यास कळेल की धाडस आणि अविचार यांत फरक असतो.

शेवटी आईबापांस एकच विनंती. हा खेळ आपल्या घरी मांडला जाईल तेव्हा दारातून ओरडू नका. जवळ बसा आणि ऐका. मुलगी फासा पडण्याआधी आकडा सांगते काय, दोन्ही भावांस एकच माप लावते काय, आणि आपल्या बेतावर पाणी पडले तरी हसत निवाडा देते काय, एवढे पाहा. देत असेल तर निश्चिंत असा. जी मुलगी कल्पित गुहेतही खोटे बोलत नाही, तिच्या हाती उद्या घराचा, शाळेचा किंवा गावाचा न्याय बिनघोर सोपवता येईल.